दूधकाट्याची तार

दूधकाट्याची तार जोडली की संगणकाचा पडदा निळा पडे आणि यंत्र बंद होऊन आपोआप नव्याने सुरू होई. राजुरीजवळच्या आमच्या दूध संस्थेत दसऱ्याच्या सकाळी हे चार वेळा घडले. मी संस्थेचा मानद सचिव. त्याआधीचे सारे आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत गेलेले. बाहेर सभासद कॅन घेऊन रांगेत उभे होते आणि साडेसातला टँकर निघणार होता. तो कोणासाठी थांबत नाही. पुढची गावे त्याची वाट पाहत असतात.

रांगेत सर्वांत पुढे एक बाई होती. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. ती विकून घरच्यांनी यंदा प्रथमच तीन गाई घेतल्या होत्या. सभासद होऊन तिला महिनाही झाला नव्हता.

"भाऊ, लिवून घ्या की हातानं. काट्यावर आकडा तर दिसतोय," ती म्हणाली.

आकडा दिसत होता, हे मी नाकारत नाही. परंतु वजन व फॅट यंत्राकडून थेट संगणकात गेले पाहिजे, हाताची नोंद ग्राह्य धरू नये, असा संस्थेचा ठराव होता आणि त्याचा मसुदा माझा होता. पूर्वी हाताच्या नोंदींत नोंद करणाऱ्याच्या भाऊबंदांचे दूध नेहमीच घट्ट निघे. म्हणून मी त्या ठरावात अपवादाला जागाच ठेवली नव्हती.

मंचरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"तार कुठल्या भोकात लावलीय?" त्याने विचारले.

"मागच्या."

"आधी कुठं व्हती?"

ते मला आठवेना, म्हणून घडले ते त्याला सांगितले. आदल्या दुपारी खंडेनवमीची पूजा झाली होती. काटा, फॅट मशीन व संगणक आम्ही अवजारांबरोबर पुजतो. पूजेपूर्वी मी स्वहस्ते साऱ्या तारा काढून पुसल्या होत्या आणि परत लावताना जागा पाहिली नव्हती. संध्याकाळचे दूध मात्र बिनतक्रार घेतले गेले होते.

"मग झालं," तो म्हणाला. "त्याला वाटलं नवीन पावणं आलं. रातीतनं नेटवरनं नवा ड्रायव्हर, म्हंजी तार वळखायचा प्रोग्राम, उतरवून घेतला त्यानं. तुमच्या तारेतली चिप हाय नकली, जुना ड्रायव्हर तिला सांभाळून घेत व्हता. नवा घेत न्हाई, समदं घेऊन आपटतो. नेट बंद करा, नवा काढा, जुना टाका."

नेट बंद केले. नवा काढला. जुना ड्रायव्हर तारेसोबत आलेल्या सीडीवर होता. कपाटात ती माझ्या सहीच्या लखोट्यात सुरक्षित होती. पण या संगणकाला सीडी घालण्याची सोयच नव्हती.

"सचिव, आरती करा परत एकदा," रांगेतून कोणीतरी म्हणाले. हशा झाला.

टँकरवाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि तो निघून गेला. मी त्याला थांबवू शकलो नाही. थांबवून सांगण्यासारखेही काही नव्हते. नियम मोडणे मला येत नव्हते आणि संगणक दुरुस्त करणे माझ्या हातात नव्हते.

मंचरहून दुसरी तार तिसऱ्या दिवशी आली. ती लावताच काटा पूर्ववत चालू लागला. नकली माल पुरवणाऱ्याला मी ग्राहक कायद्याचा आधार घेऊन तीन पत्रे धाडली, तिन्ही पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. बाकीचे सभासद परतले. ती बाई आली नाही.

आठवड्याने मी तिच्या दारी गेलो. घटना कोणत्या परिस्थितीत घडली, ते क्रमाने सांगितले. गोठा झाडत तिने सारे ऐकून घेतले.

"तुमचं बरोबरच असंल, भाऊ," ती म्हणाली. "पर तीन दिस दूध ओतून दिलं. गाय काय तार येईस्तोवर थांबती व्हय? आता रस्त्यावरचा गवळी नेतो."

मी ठराव दुरुस्तीची सूचना मांडणार असल्याचे सांगितले. ती हसली. हसण्यात राग नव्हता.

"सभासदकीचा राजीनामा लेखी द्यावा लागतो म्हणं," ती म्हणाली. "आमच्यात कुणाला तसलं जमत न्हाई. तुमीच करून द्या."

तिच्या सुनेने घोंगडी अंथरली, चहा आणला. मी कागद मांडीवर घेतला आणि विषय, संदर्भ, कारण अशा क्रमाने तिचा अर्ज लिहू लागलो. कारणाच्या ओळीत 'घरगुती अडचण' घालू का, असे मी विचारले.

"न्हाई," ती म्हणाली. "दूध घेतलं न्हाई, असंच लिवा."

मी तसेच लिहिले.