थांबलेल्या गाडीतले दिवे

काल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला आणि अब्बांची खेळण्यातली रेल्वे आठवली. कुवेतची नोकरी सोडून ते कायमचे रत्नागिरीला आले, तेव्हा ती बरोबर आणली होती. टेबलावर रूळ मांडून त्यांनी रुळांतूनच वीज खेळवली आणि प्रत्येक डब्यात तांदळाएवढा दिवा सोल्डर करून लावला. गाडी पळाली की खिडक्या उजळायच्या, थांबली की विझायच्या.

"स्टेशनात गाडी थांबली की काळोख?" अम्मी म्हणाली. "मग कोण उतरतंय ते दिसायचं कसं?"

आम्ही भावंडं हसलो. अब्बा हसले नाहीत. त्यांनी जोडलेले सगळे डबे पुन्हा उघडले आणि प्रत्येकात वेगळा सेल बसवला. केवढी चिकाटी त्या माणसाची!

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गाडी फिरत असतानाच लाइट गेली. गाडी थांबली, घर काळोखात बुडालं. टेबलावर तेवढ्या इवल्या खिडक्या पिवळ्या उजेडात तशाच, आणि त्यांच्यावर वाकलेली अम्मी.

"आता दिसतं हो," ती अब्बांना म्हणाली.

अब्बा सुट्टीवर यायचे तेव्हा स्टेशनात गाडी लागली की हीच अम्मी आमचे हात सोडून, एकेका डब्याच्या उजळ दारात त्यांना शोधत धावायची.