पवित्र पाण्यात तीन चमचे

माझ्या सासूचा देव कडक होता. लग्न करून समुद्रकाठच्या पाचूबंदरला आले त्या पहिल्याच उपवासकाळात मला ते कळलं. ईस्टरआधीच्या त्या चाळीस दिवसांत मटण-कोंबडी तर सोडाच, मी केसांत अबोलीचा गजरा माळला तरी तिच्या भुवया वर जायच्या. माझं माहेर केळी आणि भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. आमचा देव त्या मानाने ढिला होता. केळीवर रोग आला की माझे बाबा त्याच्याशी भांडायचे आणि रविवारी समेट करून यायचे. सासूचा देव मात्र भांडणारा नव्हता, तो नुसता बघत बसायचा. कोण मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, उशिरा आलं, कोणी संध्याकाळी रोझरीची माळ जपताना जांभई दिली, सगळं त्याला दिसायचं, आणि त्याला दिसायच्या आधी माझ्या सासूला दिसायचं.

तिच्या सगळ्या नियमांत एक नियम सर्वांत जुना होता. रविवारी मिस्सेत कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं असेल तर आदल्या मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. तिच्या लहानपणी हा नियम सगळ्यांनाच होता. पुढे चर्चनेच तो शिथिल केला. आता तासभर आधी खाणं थांबवलं की पुरतं, पाण्याला कसलीच आडकाठी नाही आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांना तेवढंही बंधन नाही. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पहिल्या कम्युनियनच्या आदल्या दिवशी तिच्या आईने तिला जे बजावलं होतं, ते तिच्या दृष्टीने शेवटचं. त्यानंतर कोणी काय बदललं ते त्यांचं त्यांनी बघावं.

या कायद्याला एकच फट होती. पवित्र पाण्याचा घोट चालायचा. ते आशीर्वाद दिलेलं पाणी, त्याने उपास मोडत नाही, असाही निकाल तिच्या आईनेच देऊन ठेवलेला होता. म्हणून रविवारी सकाळी अंघोळ झाली की ती अर्धा पेला पवित्र पाणी प्यायची. कपाटावर मारियामातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली असायची, निळ्या मुकुटाचं बूच असलेली. ते पाणी पेल्यात ओतून द्यायचं काम माझं.

तिला साखरेचा आजार निघाला तेव्हाही हा उपास चालूच राहिला. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं. रात्री आठला जेवण आणि गोळी, सकाळी साडेसातची मिस्सा. मध्ये बारा तास पोटात काही नाही. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना उपाशी ठेवू नका. साखर एकदम खाली गेली तर हाताला लागायच्या नाहीत." मी घरी येऊन तिला सांगितलं. तिने मान हलवली. तिची मान हलवणं म्हणजे ऐकलं, एवढंच.

गेल्या वर्षी उपवासकाळाच्या आधीच्या एका रविवारी ती चर्चच्या पायरीवर पडली. मिस्सा अजून सुरूही व्हायची होती. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे, मी हाक मारतेय तर डोळे उघडे आणि ओळख नाही. कोणीतरी दुकानातून साखर आणली, मी तिच्या जिभेखाली चोळली. नवरा जहाजावर, त्याला घरी यायला आठ महिने होते. मुलगी तिच्या सासरी, लांब. त्या पायरीवर तिचं डोकं मांडीवर घेऊन मी हमसून हमसून रडले. लोक म्हणत होते, सून असावी तर अशी. खरं सांगायचं तर त्या रडण्यात माया किती आणि वैताग किती हे माझं मलाच कळलं नसतं.

मी गोखिवऱ्याला एका छोट्या कारखान्यात पॅकिंग बघते. दिवसभर उभं राहायचं. सोमवार ते शनिवार सकाळी तिची साखर तपासायची, तिला अंघोळ घालायची, डबा भरायचा, रिक्षा गाठायची. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. एकच रविवार हातात असतो आणि त्या रविवारीही आता जीव टांगणीला. ती घरी थांबायला तयार नाही. फादर घरी येऊन कम्युनियन देतो म्हणाले, तर म्हणाली, "मी काय मरायला टेकलीय?" फादर तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी समोर बसून तिला नियम समजावला. ती हात जोडून ऐकत होती. ते फाटकाबाहेर गेले आणि ती मला म्हणाली, "कालचा पोरगा तो. त्याला काय ठावं?"

तेव्हा मी हात टेकले आणि साखरेचा डबा काढला.

युक्ती सोपी होती. रविवारी तिला अंघोळीला नेण्याआधीच पवित्र पाण्याच्या अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर. चांगली ढवळायची, तळाशी कण राहू द्यायचा नाही. धीर एवढ्यासाठी झाला की मोठ्या तापानंतर तिची चव गेली होती. जेवताना रोजची तक्रार, मीठ घातलंस की नाय, काय कलत नाय. पहिल्या रविवारी तिने पेला तोंडाला लावला तेव्हा मी बाटलीचं बूच लावायचं विसरून बघत राहिले. तिने एक घोट घेतला. थांबली. मग सगळं पाणी पिऊन पेला माझ्या हातात दिला आणि डोक्यावर पदर घेऊन निघाली. त्या दिवशी ती मिस्सेत ताठ बसली. परत येताना मासळीवालीशी भांडलीसुद्धा. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! त्याच मिस्सेत कम्युनियनची वेळ आली, आमची रांग उठली आणि मला उठवेना. पवित्र पाण्यात खोटेपणा कालवून मी एका म्हातारीचा उपास मोडला होता. तोही देवाच्या नावाने, त्याच्या आईच्या बाटलीतून. असं पाप मनात ठेवून कम्युनियन घेता येत नाही. कन्फेशनला, फादरांपुढे पाप कबूल करायला जावं, तर तिथेही अडचण. कन्फेशन म्हणजे पुन्हा असं करणार नाही हा शब्द देणं. आणि मी तर पुढच्या रविवारसाठी किलोभर साखर भरून ठेवली होती. मग मी गुडघे बाजूला वळवून इतरांना वाट करून दिली आणि बसून राहिले.

असे पाच महिने गेले. ऐकणाऱ्याला हसू येईल. माझ्या मुलीला सांगितलं असतं तर तीही हसली असती. पण मी मिस्सेत बसल्या जागी झिजत होते. सासूच्या नियमांवर मी वर्षानुवर्षं मनात तोंडसुख घेतलं, तिला हट्टी म्हटलं, जुनाट म्हटलं, आणि आता तिच्यापेक्षा मोठा नियम माझ्याच मानेवर बसला होता. तिचा उपास निदान सकाळी नऊला सुटायचा. नावाजलेली सून म्हणून बायका माझ्याकडे बघायच्या आणि रांग उठली की त्याच बायका मी का उठत नाही म्हणून बघायच्या. मला त्या दोन्ही बघण्यांचा कंटाळा आला होता. देवाचाही थोडा आला होता, हे आता लिहायला हरकत नाही.

मध्ये एका रविवारी फादरांनी कृपेवर प्रवचन दिलं. माणूस नियम पाळून देवाचा होत नाही, देवाने आधीच आपलं म्हटलेलं असतं, असं काहीतरी सुरुवातीला ऐकलं. चांगलं वाटलं. मग पंख्याचा वारा लागला आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळे उभे होते. कृपा हा शब्द आम्ही रोज संध्याकाळी रोझरीत पन्नासदा म्हणतो. ज्या दिवशी त्याचा अर्थ सांगितला त्या दिवशी मी झोपले.

मग तो रविवार आला. शनिवारी मोठा माल जायचा होता, पाय सुजेपर्यंत उभी होते. सकाळी उठले ती अर्धवटच. तिला अंघोळ घातली, लुगडं नेसवलं, बाटलीचं बूच काढलं, पाणी ओतलं, पेला तिच्या हातात दिला आणि तिच्या चपला शोधायला वाकले.

"आज साकर नाय टाकलीस?"

मी वाकलेलीच राहिले.

"काय?"

"साकर. इसरलीस वाटतं," एक घोट घेऊन ती पेल्यात बघत म्हणाली. "दमलीस तू लई."

मी तिथेच लादीवर बसले. तोंडातून एवढंच निघालं, "कधीपासून?"

"पयल्या रविवारपासून. तोंडाला चव नाय, पन तीन चमचे कलतात गं बाय."

"मग प्यायलात कशाला?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. तिला उत्तर जुळवावं लागलं नाही, ते तिच्यापाशी तयारच होतं. "मी पायरीवर पडली तवा तू रडत होतीस. माजे डोले उगडले तं तुजा तोंड दिसला. कोनी मेल्यावानी. तुजा नवरा तितं दर्यावर, तू हितं एकली. मनात बोलली, माज्या उपासापायी ही पोर जायची. मंग पिऊन टाकला."

"पण तुम्हांला ते पाप वाटतं ना, आई?"

"वाटतं मंजे? पापच हाय ते." ती माझ्यावर जरा रागावलीच. "साकरचा पानी पोटात घेऊन कम्युनियन घेतला. येक नाय, दोन नाय, इतके रविवार. देवाला सांगून ठेवलंय, हिला काय बोलू नको. काय बोलाचा ता माला बोल."

मला वाटत होतं की मी तिला फसवतेय, तिच्या भल्यासाठी. मी दयाळू, ती हट्टी. आणि ही बाई पाच महिने दर रविवारी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या समजुतीप्रमाणे पाप करत होती. आईने घातलेला, आयुष्यभर जपलेला नियम तिने अर्ध्या पेल्यात बुडवला होता, मला एक सकाळ निवांत मिळावी म्हणून. आणि मला कळू नये म्हणून साखर जाणवतच नसल्याचं सोंग केलं होतं. माझ्या सासूने माझ्यावर प्रेम केलं असं मी याआधी कधी म्हटलं नसतं. आम्ही एकमेकींना सांभाळून घेत होतो, एवढंच मला वाटायचं.

"आनि तू कम्युनियनला का उटत नायस?" तिने विचारलं. "मी बगते. बसून ऱ्हातेस."

मी सगळं सांगितलं. खोटेपणा, बाटली, कन्फेशन, किलोभर साखर. सांगताना रडू फुटलं. ती ऐकत होती आणि हळूहळू तिच्या कपाळावरची शीर वर आली. ती मी चांगली ओळखते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्याच शिरेला घाबरून काढली.

"पाप मी केला," ती म्हणाली, "आनि उपास तू धरलास?"

मी नाक पुसलं. तिने पेला माझ्या हातात परत दिला.

"च्या ठेव. दोन कप. माज्या कपात साकर टाक."

"आई, कम्युनियन..."

"ठेव तू."

मी चहा केला. साखर तिच्या समोर टाकली, तिने चमचे बघून घेतले. कप हातात घेऊन तिने आधी क्रूसाची खूण केली. ती घाबरलेली होती. रविवारी मिस्सेआधीचा तिच्या आयुष्यातला तो पहिला चहा होता, चोरून नाही, उघड्यावर, बशीत ओतून. पहिल्या घोटाला तिने डोळे मिटले. मग उघडले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाली, बिस्किट आहे का बघ.

आम्ही उशिरा पोचलो. मागच्या बाकावर जागा मिळाली. प्रवचन काय होतं ते मला आठवत नाही, या वेळी झोपले नव्हते तरी. कम्युनियनची रांग उठली. मी सवयीने गुडघे बाजूला वळवले. ती उठली, माझ्यासमोर आली आणि तिथेच थांबली. मी हाताने खूण केली, पुढे व्हा. ती हलेना. मागच्या बायका अडकून पडल्या.

"आई," मी अगदी हळू म्हणाले, "मी अजून कन्फेशन केलं नाहीये."

तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती स्वतःही मोठ्यानेच बोलते.

"सकाली माला सांगितलास ना सगला? तवा देव काय भायेर गेलेला?"

मागच्या दोघी-तिघी हसल्या. मी उठले.