पाव बॅटरीची अट

विजेवर चालणाऱ्या टेम्पोंचे ड्रायव्हर तिला ‘नकाशावाली’ म्हणत. चार्जर कुठे बसवायचे याचं गणित ती मांडायची. पण खुर्चीत बसून नाही. सख्ख्या दादाच्या, त्याच्या दोस्तांच्या शेजारी बसून ती फिरली, भरली गाडी चढावर किती वीज खाते ते पाहिलं आणि मगच गणितात अट घातली: चार्जरपाशी पोचताना पाव बॅटरी शिल्लक हवीच.

हे गणित तिला शिकवलं साहेबांनी. म्हणून रजेवर जाताना तिनं सगळं डोळे झाकून त्यांच्या हवाली केलं.

परतली, तर नव्या नकाशाप्रमाणे चार्जर बसवूनही झाले होते आणि चढावरचा चार्जर गायब! नकाशाखाली नाव मात्र तिचंच.

“अट तेवढी काढली, एक चार्जर वाचला,” साहेब म्हणाले. “उत्तर तुझ्याच गणितानं दिलंय.”

केसानं गळा कापला होता मेल्यानं! ती तडक चढावर गेली. दादा आणि दोघं-तिघं बंद पडलेला टेम्पो कडेला ढकलत होते. तिनंही हात लावला.

“राहू दे,” दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. “तू शेजारी बसून विचारत होतीस, तेव्हा आम्ही सगळं खरं सांगितलं होतं.”