अंधेरीतला काळोख

पास्कलकाका रंगीत टीव्हीसमोर बसले की आधी रंगाचं बटण पिळून शून्यावर आणायचे. घर कुणाचं का असेना. आमच्याकडे व्हिडिओवर नवा अमेरिकन गुन्हेपट लागला तेव्हाही त्यांनी तेच केलं. आई वैतागली, "अहो, रंगासाठीच तर घेतला ना टीव्ही!" काका म्हणाले, "वहिनी, अंधेरीत राहता आणि काळोखाला घाबरता?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मरोळ गावठाणातले हे काका आमच्या फिल्म सोसायटीत रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलला काळे पडदे लावून, जुने अमेरिकन कृष्णधवल गुन्हेपट दाखवायचे. ओले रस्ते, अर्धा चेहरा सावलीत आणि शेवटी नायकाची वाट लागलेली. आधी थोडा वेळ भांडायचे, तेही हजर नसलेल्या लोकांशी. "नाव 'नॉयर', म्हणजे काळा. बारसं केलं फ्रेंचांनी, आईबापांना पत्ताच नाही! मग घरोघरी टीव्ही आला, पडदे रुंद झाले, रंग आले. त्यात कम्युनिस्ट ठरवून सरकारी चौकशा, कित्येकांची कामं गेली. मारून टाकला रे त्याला! आणि आता वीस वर्षांनी रंगीत कपडे घालून परत आणतात. वर म्हणतात, आमचं किती प्रेम!"

पुढे आमच्या कमिटीनेही तेच केलं. सभासदांना 'काहीतरी प्रसन्न' हवं, म्हणून काकांचे रविवार बंद. प्रसन्न म्हणे! एका शब्दाने विचारलं नाही. काकांना ते नोटीस बोर्डावर वाचून कळलं. मला तो राग अजून गिळता आलेला नाही.

काही वर्षांत रंगीत नॉयरच्या कॅसेटी जो तो मागू लागला. लगेच त्याच कमिटीला महोत्सव सुचला आणि काकांचा सत्कारही. काकांनी अंगावर येणारी शाल हातानेच अडवली. "शाल मेल्यावर घाला. मला माझे रविवार द्या." अध्यक्ष हसले, हॉलने टाळ्या वाजवल्या. रविवार कुणी दिले नाहीत.

वर्षभरात काका गेले. मग मात्र त्यांच्या स्मरणार्थ त्यांचाच एक आवडता चित्रपट लावला, तोही रविवारी सकाळी. पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून दोन ट्यूबलाइट चालूच ठेवल्या होत्या. पडद्यावरच्या सगळ्या सावल्या धुऊन निघाल्या होत्या आणि पुढच्या रांगेतली कमिटी कौतुकाने माना डोलवत होती. माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि दोन्ही बटणं खटाखट बंद केली.

"अहो, दिवे कुणी घालवले?" अध्यक्ष ओरडले.

मी बटणांपाशी उभा राहूनच म्हणालो, "अंधेरीत राहता आणि काळोखाला घाबरता?"