फुकटच्या सॉफ्टवेअरनं लावलेला म्हशींचा निकाल

मी कोल्हापुरात सायबर फॉरेन्सिक शिकायला लागले, त्या वर्षी कॉलेजच्या लॅबमधल्या महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन संपलं होतं. सर म्हणाले, "फुकटची साधनं ढीगभर आहेत. उतरवून घ्या आणि घरी सराव करा." मी आईच्या पेनड्राइव्हमधून उडालेली भजनं परत काढली आणि गल्लीत बातमी पसरली, हिच्याकडं पुसलेलं परत मिळतं.

त्या दिवाळीत पाडव्याला आमच्या तालमीनं म्हशी पळवल्या. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हस मागं. शेजारच्या काकांची आणि कोपऱ्यावरच्या पैलवानाची अशा दोन म्हशी शेवटच्या रेघेवर एकदमच आल्या आणि पहिली कुणाची यावरून भांडण लागलं. त्या क्षणाचा फोटो फक्त तालमीच्या अध्यक्षांनी काढला होता, पण मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून त्यांच्या बायकोनं तो पुसून टाकला होता.

"पोरी, तू काढ की त्यो फोटू," काका म्हणाले.

"काढते. पण पद्धतीनं काढावा लागेल."

'पद्धत' हा शब्द सगळ्यांना फार आवडला. मोबाईलमधलं मेमरी कार्ड फरसाणाच्या रिकाम्या पिशवीत घालून लाखेनं बंद केलं. ज्याच्या ज्याच्या हातून ते माझ्यापर्यंत आलं, त्यानं त्यानं सही केली. मी कार्डाची हुबेहूब प्रत काढली, मूळ कार्ड पिशवीत ठेवलं आणि प्रतीवर सॉफ्टवेअर चालवलं. बाबा मागं उभे होते.

"फुकटचं हाय न्हवं? मग निकाल कोण मानणार?" असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

संध्याकाळी तालमीत बैठक बसली. मी रिपोर्ट वाचायला घेतला. त्यात हॅश द्यावाच लागतो. प्रत मुळाबरहुकूम आहे हे पटवणारी आकड्या-अक्षरांची ती लांबलचक ओळ.

"मोठ्यानं वाच," अध्यक्ष म्हणाले.

मी वाचला. वाचून होईपर्यंत कुणी हललं नाही.

"परत वाच," पैलवान म्हणाला. "मधी कायतरी आमच्या इरुद्ध वाटलं."

परत वाचला.

मग लॅपटॉपवर फोटो लावला. काकांची आणि पैलवानाची, दोन्ही म्हशी अगदी एका रेषेत होत्या. पण त्यांच्याही पुढं, चुन्याची रेघ ओलांडून, तिसरीच एक म्हस उभी होती आणि शांतपणे कॅमेऱ्याकडं बघत होती. मागच्या बोळातल्या वहिनी तिला, गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात त्या दूध कट्ट्यावर घेऊन निघाल्या होत्या, ती.

"ती शर्यतीत न्हवतीच की," काका म्हणाले.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तसं रिपोर्टात लिवलंय?"

"नाही. रिपोर्टात फोटोत दिसतं तेवढंच येतं."

"मग झालं तर."

हलगी वाजवत सगळे वहिनींच्या दारात गेले. त्या नुकत्याच धार काढून उठल्या होत्या. अध्यक्षांनी बक्षिसाची ढाल पुढं केली. "तुमची म्हस पैली आली."

"कशात आली पैली?"

"पळण्यात."

"ही?" वहिनींनी वळून गोठ्याकडं बघितलं. "ही दिसंल तिथं उभी ऱ्हाती."

तरी त्यांनी ढाल घेतली, कारण हलगीवाले थांबेनात. मग घरातले होते तेवढे पेले बाहेर आणून सगळ्यांना धारोष्ण दूध दिलं. काका आणि पैलवान शेजारी शेजारी उभं राहून प्याले. दूध दाट हाय, यावर दोघांचं एकमत झालं.