पुठ्ठ्यावरची टकटक

पुस्तक हातात देण्याआधी बाई उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या पुठ्ठ्यावर दोनदा वाजवायच्या. टक, टक. मग पुस्तक मुलाकडे सरकवून म्हणायच्या, "जा आत."

हा मान फक्त मुलांच्या पुस्तकांना होता. सात वर्षांत मी त्या वाचनालयातून शंभराहून जास्त पुस्तकं घरी नेली. माझ्यासाठी बाईंनी एकदाही पुठ्ठा वाजवला नाही.

तुमच्याही गावात अशा एखाद्या ग्रंथपाल बाई असतील. आमच्या पूर्णेचं वाचनालय म्हणजे स्टेशनापासून चालत नऊ मिनिटांवरच्या दोन खोल्या, चौदा कपाटं आणि एक पंखा. पंखा मुलांच्या बाजूला. बाईंच्या टेबलावर वारा यायचा नाही, त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घ्यायच्या.

मुलांना त्या एकच कादंबरी पहिल्यांदा देत. त्यातली मुलगी धान्याच्या कणगीत उतरते. तळाशी तिला दार सापडतं आणि पलीकडे भलताच गाव लागतो. तिथे गुरुवारी सावल्यांना सुट्टी असते, कंदील शिंकतात, आणि राजाला खेळात हरण्यासाठीच नेमलेलं असतं.

एखादं पोरगं तोंड वाकडं करून उभं राहिलं की बाई पुस्तक मागे ओढायच्या. "ऱ्हाऊ दे. तुला न्हाई जमायचं. ह्यातला कंदील लय शिंकतो, तुला सर्दी व्हईल." पोरगं पुस्तक हिसकावून न्यायचं. एका पालकांनी विचारलं, "परीक्षेला काही उपयोग होईल का याचा?" बाई म्हणाल्या, "व्हईल की. आधी घरी उपयोग व्हऊ द्या."

या पुस्तकाची प्रत एकच आणि वाट पाहणारी मुलं बरीच. म्हणून बाईंनी ते बायंडरकडे दिलं आणि सांगितलं, "तीन सारखे भाग करा." पानं दोनशे सोळा. बायंडर सरळ माणूस. त्याने बहात्तर बहात्तर पानं मोजली, कापली आणि तीन पुठ्ठे चढवले. प्रकरण कुठे संपतं ते पाहिलंच नाही. मी असतो तर मीही असंच केलं असतं. त्यामुळे पहिला भाग अर्ध्या वाक्यावर संपतो: "आणि तिने धीर करून त्या निळ्या दारावर". पुढचं दुसऱ्या भागात.

बाईंना हे इतकं आवडलं की बायंडरला त्यांनी चहा पाजला.

मी पाटबंधारे खात्यात. कालव्याचं पाणी मोजणं हे माझं काम. जिंतूरहून बदली होऊन पूर्णेला आलो आणि शेजारी राहणाऱ्या वाचनालयाच्या सचिवांनी माझं अक्षर पाहून मला पुस्तक पडताळणीला बसवलं. पडताळणीत मला एका नंबरावर तीन पुस्तकं सापडली. मी बाईंना म्हणालो, "एक नंबर, एक पुस्तक. हे नियमात बसत नाही."

"न्हाई बसत," बाई म्हणाल्या. वाद घातला नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: तुकडे झालेले, यादीतून कमी करावे.

त्या वेळी आमची साक्षी बारा वर्षांची होती. नवी शाळा सुरू होऊन एकोणचाळीस दिवस झाले होते आणि घरात तिच्या तोंडून एकाही मैत्रिणीचं नाव आलं नव्हतं. शाळेतून आली की ती दप्तर न उघडता खिडकीशी बसायची. "जिंतूरला परत कधी जायचं?" एवढंच विचारायची. पुढे तेही विचारेनाशी झाली. बायको म्हणाली, "हिला कुठंतरी घेऊन जावा हो." मला वाचनालयाशिवाय कुठलं ठिकाण माहीत नव्हतं.

बाईंनी तिला नाव विचारलं, इयत्ता विचारली. मग मी कमी करायला सांगितलेल्या त्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. टक, टक. "जा आत." माझ्याकडे पाहिलंही नाही.

साक्षीने दोन दिवसांत तो संपवला आणि दुसरा मागायला गेली. बाई म्हणाल्या, "माझ्यापाशी न्हाई. आम्रपालीकडं हाय. रेल्वेपलीकडं, बुद्धविहाराच्या मागची गल्ली, तिसरं घर. तू जाऊन घे."

साक्षी तशीच परत आली. अनोळखी घरी ती जाणार नव्हती. तीन दिवस तो पहिला भाग शेवटच्या पानावर उघडा पडून होता.

चौथ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. "बाई, पुस्तक परस्पर एका घरातून दुसऱ्या घरात जातं. नोंद कुठाय?"

"माझ्या डोक्यात."

"मग मी स्कूटरवर जाऊन आणतो."

"तुमी आणायचं न्हाई. तुमी आणलं तर साहेबांनी वाचलं म्हणून लिहीन. आन पुस्तकातलं मी काय इचारीन ते तुमाला सांगता यायचं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब, पुस्तकं तुमी मोजा. लेकरं मला मोजू द्या. ती आम्रपालीबी रोज एकटीच येती."

त्या रविवारी दुपारी साक्षी निघाली. मी तिला न कळता मागे. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, तिच्या आडोशाला थांबलो. तिसऱ्या घरापुढे पोर उभी राहिली. माझ्या घड्याळाने सहा मिनिटं. एकदा मागे वळली. मग परत फिरली आणि बोट वाकवून दार वाजवलं. दोनदा.

अर्धी वेणी घातलेली एक मुलगी बाहेर आली.

"दुसरा भाग?" साक्षीचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"पहिला खरंच वाचलाव का? मंग सांग, गुरुवारी सावल्या कुठं जातेत?"

"नदीवर. पोहायला."

"ये."

दार लागलं. एक तास चाळीस मिनिटं ते उघडलं नाही. गिरणीवाल्याने दोनदा विचारलं, "दळण कुठंय तुमचं?" शेवटी साक्षी बाहेर आली. तोंडाला चिवड्याची हळद. मला पाहून म्हणाली, "पप्पा, तुमी इथं काय करायलाव?" आणि उत्तराची वाट न पाहता घरापर्यंत बोलत राहिली. आम्रपाली असं म्हणते, आम्रपालीची आजी तसं म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर मागितलं. माझा शेरा एका रेघेने खोडला आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली. बाई पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. म्हणाल्या, "तारीख टाका साहेब."

तिसरा भाग दोघींनी आमच्या घरी बसून वाचला. त्यानंतरची सहा वर्षं आमच्या डब्यातल्या पोळ्यांचा हिशेब चुकत राहिला.

बाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. चारच दिवस आजारी होत्या. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत, रजिस्टरमधल्या त्या सहीत ते आले असं मी धरून चाललो होतो. आता त्यांच्या खुर्चीत संध्याकाळी आम्रपाली बसते. साक्षी नांदेडला शिकते आणि फोन आधी तिला करते, मग आम्हाला.

या पावसाळ्यात मी आम्रपालीला म्हणालो, "ते पुस्तक मी वाचलेलं नाही." तिने पहिला भाग काढला, माझ्याकडे पाहिलं आणि बोट वाकवलं. टक, टक.

गेल्या रविवारी तिसऱ्या भागाची अकरा पानं राहिली असताना आमचं दार वाजलं. बेल असताना, बोटाने, दोनदा. दारात दहा-अकरा वर्षांची मुलगी. पेडगावहून नुकत्याच इथे राहायला आलेल्यांची, असं तिने नंतर सांगितलं.

"काका, तिसरा भाग तुमच्याकडं हाय म्हणली ताई."

"आहे. पण माझी अकरा पानं राहिलीत."

तिने विचार केला. "मंग थांबते मी. पर पुढलं सांगू नका हां."

मी दार पूर्ण उघडलं आणि म्हणालो, "ये, आत ये."