बाजेभोवतीची चौकट

भवानी पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या गोदामातला कॅमेरा उगाच बोंबलायला लागला, की मी कॅमेरे बसवणाऱ्याला बोलवायचो. दारावरची ताडपत्री हलली तरी माझा मोबाइल वाजायचा आणि मी वैतागायचो. तो येऊन स्क्रीनवर बोटानं लाल चौकट आखायचा. त्या चौकटीत काही हललं तरच मोबाइल वाजणार. ताडपत्री चौकटीबाहेर ढकलून तो स्वतः दारातून चालत यायचा आणि विचारायचा, "आता घावलो का मी?" मी हो म्हटल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

मध्येच त्याचा स्वतःचा मोबाइल वाजायचा. गावाकडं, केमला, त्याची आई एकटी असायची. तिथं कॅमेरा लावून तिच्या बाजेभोवती त्यानं अशीच चौकट आखून ठेवली होती. तो बघायचा, "म्हातारी उठली," एवढंच म्हणायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

ती गेल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर तो परवा पहिल्यांदा आला. ताडपत्रीचंच काम चाललं होतं आणि त्याचा मोबाइल वाजला. हातातलं टाकून त्यानं घाईनं बघितलं. मीही डोकावलो. बाज रिकामी होती. वाऱ्यानं खिडकीचा पडदा तिच्यावर येत होता.

"पडदा बाहेर काढा की चौकटीच्या," मी म्हणालो.

"काढता येतंय की," तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "पण मग ह्यो वाजायचाच न्हाय, मालक."